पौर्णिमेपर्यंत भरती नाही

झाशीत सगळं काही आहे, फक्त समुद्र नाही. झाशीचा समुद्राशी संबंध एवढाच, की मीठ तिकडून येतं. त्यामुळे इथल्या मराठी घरांनी समुद्राचे शब्दही सांभाळले नाहीत. ज्या घरात म्हैस नाही, त्या घरात दावं कशाला ठेवायचं? माजघर राहिलं, सोवळं राहिलं, पंचपात्र राहिलं. ओहोटी मात्र कधीच हरवली, आणि भरती राहिली ती फक्त दवाखान्यातली. भरती होणं म्हणजे सलाईन, खाटेशेजारचं स्टूल आणि डब्यातली मुगाची खिचडी. या शब्दाला याहून वेगळा काही अर्थ असतो, हे निशांतला छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत तो 'ज्वार-भाटा' शिकला होता आणि परीक्षा झाल्यावर तोही विसरला होता.

होळी आठवड्यावर आली असताना या निशांतच्या फोनवर वडिलांचा निरोप आला. तो झाशीजवळच्या बिजौलीत गेट-ग्रिल बनवणाऱ्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून लांब जाऊन त्यानं फोन उघडला.

'वाघोटण खाडीत आहोत. भांगामुळे पाणी कमी पडलं. बुड टेकलं. दोघंही आडवे आहोत. पौर्णिमेपर्यंत भरती नाही. काळजी नसावी.'

वडिलांची, म्हणजे सुभाषचंद्रांची, भाषा अशीच. सगळा जन्म सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवण्यात गेला, शब्द जास्त वापरले तर वीज जास्त लागते असा त्यांचा समज असावा. निवृत्त झाल्यावर पेन्शनर लोक काय करतात? बागेत फिरतात, बँकेत भांडतात. यांनी गोव्यात एका फ्रेंच म्हाताऱ्याकडून शिडाची नाव घेतली. आत दोन माणसं झोपतील, एक शेगडी राहील आणि एक भांडण मावेल, एवढी ती मोठी. तिचं नाव ठेवलं 'बेतवा', आणि बायकोला घेऊन तिच्यावर राहायला गेले. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत कोकणच्या किनाऱ्यानं या बंदरातून त्या बंदरात, आणि पावसाळ्यात नाव ताडपत्रीखाली ठेवून दोघं झाशीला. असं दोन वर्षं चाललं होतं.

निशांतनं फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग मोटरसायकलला किक मारून तो तडक खंडेराव गेटच्या घरी आला.

घरात देविका होती, त्याची बायको, माहेरची ग्वाल्हेरची. मागच्या गल्लीतली शशिकला मावशी होती. ही निशांतच्या आईची थोरली बहीण, आणि आवाजानंही थोरलीच. शेजारचे दुबेजी वर्तमानपत्र परत द्यायला आले होते, ते तिथेच थांबले. देविकानं निरोप मोठ्यानं वाचून दाखवला.

"अगोबाई! भांग?" मावशी म्हणाली. "सुभाषराव आणि भांग? त्या माणसानं जन्मात कधी सुपारी खाल्ली नाही!"

"मौसीजी, होली का मौसम है," दुबेजी समजूत घालत म्हणाले. "किसी ने ठंडाई में मिला दी होगी. नए आदमी को तो चढ़ ही जाती है."

"आणि मग पाणी कमी पडलं," देविका म्हणाली. "डिहायड्रेशन. म्हणून दोघंही आडवे."

"बुड टेकलं म्हणजे काय?" निशांतनं विचारलं.

मग मावशीनं पदर डोळ्याला लावला. "बसले असतील रे बिचारे. दवाखान्याच्या पायरीवर."

"और पूर्णिमा तक भर्ती नहीं," दुबेजींनी निकाल दिला. "मतलब बेड खाली नहीं है. होली के बाद ही मिलेगा. भैया, आप निकलिए."

"पण 'काळजी नसावी' असंही लिहिलंय," देविका हळूच म्हणाली.

"त्याचीच तर मला काळजी वाटून राहिली आहे," मावशी म्हणाली. "सुभाषराव असं उगाच लिहिणारे नव्हेत."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हसण्यावारी जाईल. आईवडील पहिल्यांदा निघाले, तेव्हा निशांतनं एक अट घातली होती. दोघांपैकी कुणीही, एकदा जरी, दवाखान्यात भरती झालं, की बस्स. नाव विकायची आणि कायमचं झाशीला यायचं. सुभाषचंद्रांनी देवघरापुढे उभं राहून शब्द दिला होता, आणि साक्षीदार होती शशिकला मावशी. शब्द मोडेल असा तो माणूस नाही, आणि साक्ष विसरेल अशी मावशी नाही. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." अलकनंदाबाईंचं हे ठरलेलं वाक्य होतं. पडद्यांचा रंग असो, निशांतची शाळा असो, की कुठल्या लग्नाला जायचं हा प्रश्न असो, सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांनी दुसरं उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

निरोप वाचून निशांत घाबरला होता हे तर खरंच, आणि मनापासून घाबरला होता. पण गाडीत बसल्यावर झाशीचा किल्ला मागे पडला, तेव्हा त्या भीतीच्या आत आणखी एक गोष्ट त्याला सापडली. त्याला बरं वाटत होतं. आता ते परत येतील. वरची खोली त्यानं दिवाळीतच रंगवून घेतली होती, कुणाला न सांगता. संध्याकाळी इलाइट चौराह्याच्या गर्दीत अडकलं, की तो हटकून समुद्राचा विचार करायचा, आणि त्या विचारातल्या समुद्राला नेहमी वादळ असायचं. ते एकदाचं संपणार होतं. आईबाप आजारी आणि मुलाला बरं वाटतंय, याची त्याला लाज वाटली. पण वाटत होतं ते वाटतच राहिलं.

रत्नागिरीला उतरून, एसटी बदलत बदलत, दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाडीवर पोचला. अंग घामानं निथळत होतं आणि पायात ऑफिसचे बूट होते. पाणी बरंच आत गेलेलं, आणि समोर नुसता काळा चिखल. काठावर एक बाई टोपलीतले तिसऱ्यांचे शिंपले धूत बसली होती.

"मावशी," निशांतनं विचारलं, "इथे भरती कुठे करतात?"

बाईनं मान वर केली. "भरती कोण करतलो? ती आपणच येता. दिवसाक दोन फावट."

दिवसातून दोन वेळा! निशांत दोन पावलं पुढे आला. "म्हणजे तब्येत इतकी खराब आहे? सकाळ-संध्याकाळ न्यावं लागतं?"

"कोणाची तब्येत?" बाई आता उठून उभी राहिली आणि तिनं त्याला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही त्या झाशीवाल्या ताईंचे झील की काय? तशीच हनुवटी आसा. ती बघा तुमची आई, चिखलात नाव घालून वाळवणां करता!"

तिचं नाव शारदा. तिनं बोट दाखवलं तिकडे निशांतनं पाहिलं. खाडीच्या मधोमध 'बेतवा' कुशीवर कलंडून पडली होती, जेवण जास्त झालेल्या म्हशीसारखी. खाली गुडघाभर चिखलात, हाफपँट घातलेले सुभाषचंद्र नावेच्या बुडाला चिकटलेले शिंपले उलथण्यानं खरवडत होते. वर कललेल्या डेकवर, पाय रोवून, आई चादरीवर मुगाच्या मंगोड्यांचं वाळवण घालत होती. भांग चढल्याचं कोणतंही लक्षण दोघांमध्ये दिसत नव्हतं.

निशांत बूट हातात घेऊन चिखलातून निघाला. वाटेत एकदा बसला. नावेपाशी पोचला तेव्हा त्याच्या अंगावर स्वच्छ म्हणावी अशी जागा उरली नव्हती.

"निशांत?" सुभाषचंद्र उलथणं हातात धरून म्हणाले. "तू कसा काय? मी लिहिलं होतं ना, काळजी नसावी."

मग खुलासा झाला. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं कमी पाणी, कोकणात सगळे तसंच म्हणतात. बुड टेकलं ते नावेचं. नाव कलंडली म्हणून दोघं आडवे. भरती म्हणजे समुद्राचं चढणारं पाणी, आणि नाव उचलेल असं मोठं पाणी पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीला. सुभाषचंद्रांचं बालपण कोकणातलं होतं, त्यामुळे यात समजण्यासारखं काय नव्हतं हेच त्यांना समजेना. निशांतनं मग दुबेजींचा अर्थ सांगितला. दवाखान्याच्या पायरीवर बुड टेकून बसलेले, भांग चढलेले दोन म्हातारे, आणि बेड मिळण्यासाठी पौर्णिमेची वाट बघताहेत! आई इतकी हसली, की तिला दोरी धरावी लागली. निशांतनं आईला असं खदखदून हसताना कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. आणि मग मध्येच ती हसायची थांबली. "चहा टाकते," असं म्हणून आत गेली.

"पण नाव चिखलात गेली कशी?" निशांतनं विचारलं.

"तुझ्या आईमुळे," सुभाषचंद्र म्हणाले.

"यांच्यामुळे!" आतून आवाज आला. "हे ओरडले, शीड उतरव, शीड उतरव. मला काय माहीत शीड म्हणजे? आम्ही पाल म्हणतो!"

"मराठीत पाल भिंतीवर असते, अलका."

"झाशीत नावेवर असते!"

दोन वर्षांपासून हा वाद चालू होता आणि दोघांपैकी कुणालाच तो जिंकायचा नव्हता. त्या दिवशी तो ऐन वळणावर रंगला, आणि तो संपेपर्यंत 'बेतवा' चिखलात रुतली होती. भाषेवरून राज्यं बुडतात म्हणतात. यांची नुसती टेकली.

खाडीत रेंज नव्हती. बाबांनी निरोप पाठवला होता त्याच टेकडीवर चढून निशांत देविकाला एवढंच पाठवू शकला: 'सब ठीक. भरती मतलब ज्वार. पूर्णिमा के बाद आता हूँ.' कारखान्याला सुट्टी कळवली आणि तो नावेवर राहिला.

पहिल्या रात्री तो दोनदा बाकावरून घरंगळला. मग त्याला युक्ती कळली, की कललेल्या बाजूला पाठ लावायची आणि नाव सांगेल तसं झोपायचं. शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली होती. नाव कितीही कलली तरी ती सरळ राहायची, आणि तिच्यावर आई पोळ्या भाजायची, लाटायची मात्र मांडीवर ताट घेऊन. पाणी कॅनमधून मोजून. आंघोळ खाडीच्या पाण्यानं, वर गोड्या पाण्याचा एक तांब्या. शारदा सकाळी भाजी आणून द्यायची आणि मंगोड्या घेऊन जायची. तिच्या घरी आता माशाच्या कालवणात मंगोड्या पडत होत्या म्हणे, आणि त्यावर आई शाकाहारी असूनही खूश होती. भरती आली, की नाव कण्हत अर्धवट सरळ व्हायची. पाणी गेलं, की पुन्हा कुशीवर. दिवसाला दोन वेळा घरातल्या भिंतीची जमीन व्हायची, आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आईकडे बघून तर निशांत थक्कच झाला. ही बाई ओरडत होती. दोरीला गाठ चुकीची पडली म्हणून बाबांवर, नांगर नीट धुतला नाही म्हणून निशांतवर, जाळं फार जवळ टाकलं म्हणून लांबच्या होडीवर. सकाळचा वारा जमिनीवरून येतो, दुपारचा समुद्रावरून, ढगांचा कुठला रंग चांगला नाही, हे ती दूधवाल्याच्या वेळा सांगाव्यात तसं सांगायची. नाव चालवायची तीच. सुभाषचंद्रांना, कोकणात जन्मूनही, लाट लागली की मळमळायचं. ते सुंठ चघळत इंजिन बघायचे, नकाशे बघायचे आणि स्वयंपाकाला मदत करायचे. आणि झाशीच्या खडकाळ मातीत वाढलेली, पन्नाशी उलटेपर्यंत समुद्र न पाहिलेली अलकनंदा सुकाणू धरायची. हे त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. घरी सगळे म्हणायचे, सुभाषरावांच्या हट्टापायी बिचारी अलका फरफटतेय.

एका सकाळी निशांत डेकवर आला आणि जागच्या जागी थांबला. आई पाय सोडून बसली होती आणि बाबा तिच्या मागे बसून तिचे केस विंचरत होते. इंजिनियरच्या हातानं, अगदी मोजून, ते पेड घालत होते. झाशीच्या घरात या दोघांना एका सोफ्यावर बसलेलंही त्यानं फारसं पाहिलं नव्हतं. तो चोरासारखा परत फिरणार होता, इतक्यात त्याच्या लक्षात आलं, की आईचा डावा हात मांडीवर जसाच्या तसा आहे. मग त्याला बाकीचंही आठवलं. वरचा डबा ती उजव्या हातानं काढायची. चादर झटकायला बाबांना हाक मारायची. या उकाड्यातही गळाबंद ब्लाउज.

"आई, हात वर कर बरं," तो म्हणाला.

बाबांचा कंगवा थांबला. आईनं हात वर करायचा प्रयत्नही केला नाही.

"संक्रांतीच्या आधी," ती म्हणाली. "वारा एकदम फिरला आणि पालीखालचा आडवा दांडा इकडून तिकडे आला. इथे, खांद्यापाशी हाड मोडलं." जरा थांबून ती म्हणाली, "चार दिवस दवाखान्यात होते. भरती झाले होते मी. खरीखुरी."

निशांत तिच्यासमोर खाली बसला.

"हे म्हणाले, निशांतला कळवू, शब्द दिलाय. मीच नाही म्हटलं. इतक्या वर्षांत यांना पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि तेही खोटं वागण्यासाठी." ती हे बाबांकडे न बघता सांगत होती. "परवा तू तो भांगेचा किस्सा सांगितलास. खूप हसले रे. आणि मग वाटलं, हा पोरगा इतक्या लांबून ज्या भीतीनं धावत आला, ती खोटी थोडीच होती?"

"मी रोज फोन करून राहिलो होतो," निशांतचा आवाज चढला, "आणि तू म्हणून राहिली होतीस, मजेत आहे, मजेत आहे!"

"मजेतच होते. हाड मोडलं होतं, मजा नव्हती मोडली."

हे उत्तर त्याला त्या वेळी अजिबात आवडलं नाही. तो पाण्यात उतरून काठावर गेला आणि दिवसभर तिथेच एका उपड्या होडीवर बसून राहिला. त्याला राग आला होता आणि रागाखाली खूप भीतीही होती. तो दांडा जरा वर लागला असता तर? त्याच्या मनात सगळं स्पष्ट होतं. शब्द दिला होता, अट ठरली होती, ती केव्हाच पुरी झाली होती. नाव चिखलातून निघाली, की ती विकायची. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी तो नावेवर परतला. बाबांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. आई त्या दिवशी कुणावरही ओरडली नाही.

पौर्णिमा उजाडली. गावात शिमग्याचे ढोल सकाळपासून वाजत होते. पाणीही सकाळपासून चढत होतं, आणि दुपारी ते रोजच्या खुणेवर न थांबता वर येतच राहिलं. शारदाच्या नवऱ्यानं आपली होडी आणली, 'बेतवा'चा नांगर खोल पाण्यात नेऊन टाकला, आणि त्याची दोरी ओढायच्या चरकावर निशांतला बसवलं. सुकाणूवर आई.

"निशांत, खींच!" ती ओरडली. "अजून! ढील मत दे! अरे, जेवला नाहीस का सकाळी?"

"सावकाश, दोरी तुटेल," सुभाषचंद्र म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

निशांतचे तळहात सोलवटले. दोरी ताणली गेली, करकरली, आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. मग पायाखाली काहीतरी हललं. इतक्या दिवसांचं ते कललेलं जग सावकाश सरळ झालं, चिखलानं मोठा आवाज करून बुड सोडलं, आणि 'बेतवा' तरंगायला लागली. काठावर शारदानं बोंब मारली, शिमग्याची तर होतीच, त्यात हीही. निशांत मोठ्यानं हसत होता. आपण हसतोय हे त्याला नंतर कळलं.

खाडीच्या तोंडाशी आल्यावर आईनं शीड की पाल, जे काही होतं ते, चढवायला लावलं. इंजिन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं, की पाणी नावेच्या अंगाला घासून जाताना ऐकू यायला लागलं. आई एका हातानं सुकाणू धरून बसली होती, चेहऱ्यावर ऊन, डोळे बारीक केलेले. निशांत तिच्याकडे बघत राहिला. ही बाई आपल्या ओळखीची नाही, असं त्याला वाटलं, आणि हिची ओळख आधीच व्हायला हवी होती, असंही.

सुभाषचंद्रांनी सुंठेचा तुकडा गालात सरकवला. "निशांत," ते म्हणाले, "शब्द मी दिला होता. लपवण्यात मीही होतोच. नाव आता सुटली आहे. उजवीकडे गेलो तर रत्नागिरी, पुढे जयगड. डावीकडे गेलो तर गोवा, तिथे हिला विकता येईल. तू सांग."

निशांतनं आईकडे पाहिलं.

"तू म्हणशील तसं," अलकनंदाबाई म्हणाल्या.

आवाज अगदी खाली आला होता. तोच आवाज, पडद्यांच्या रंगाचा आणि लग्नांच्या आमंत्रणांचा. काही मिनिटांपूर्वी अख्ख्या खाडीला ऐकू जाणारी बाई होती तिथे झाशीच्या घरातली ती गप्प बाई येऊन बसली होती. निशांतला एकदम कळलं. आपण आईला परत न्यायला आलो होतो, आणि परत नेली असती तर ती ही गप्प बाई.

तेवढ्यात रेंज आली आणि खिशातला फोन वाजला. देविकाचा होता, पण बोलत होती मावशी. मागे गुजिया तळल्याचा आवाज आणि कुणाचा तरी रेडिओ.

"निशांत, तो भरतीचा घोटाळा सगळ्या गल्लीला कळला, दुबेजी तोंड लपवून बसलेत. पण मला एक खरं सांग," मावशी म्हणाली. तिचा आवाज फोनमधून सगळ्यांना ऐकू येत होता. "संक्रांतीला अलकाचा फोन आला नाही. कधी चुकत नाही तिचा. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय. ती भरती झाली होती का रे? मी साक्षीला होते, मला कळायला हवं."

सुभाषचंद्र मान खाली घालून बसले होते. आई समोर समुद्राकडे बघत होती, पण तिचा सुकाणूवरचा हात पांढरा पडला होता.

"नाही मावशी," निशांत म्हणाला. "कुणी भरती झालं नव्हतं. तेव्हा रेंज नव्हती. दोघंही ठणठणीत आहेत."

"देवाची शपथ?"

"मावशी, आवाज तुटून राहिला आहे," असं म्हणून त्यानं फोन बंद केला.

'बेतवा' पहिल्या मोठ्या लाटेवर चढली आणि उतरली. सुभाषचंद्रांनी घाईघाईनं दुसरा सुंठेचा तुकडा शोधला.

"मी खोटं बोललो," निशांत म्हणाला. "एकदाच. पुन्हा नाही बोलणार. ती जुनी अट मोडली, आता नवी ऐका. काही झालं, हाड मोडलं, ताप आला, काहीही, तर त्याच दिवशी मला कळवायचं. लपवायचं नाही. तुम्ही झाशीला यायचं नाही. मी इकडे येईन."

अलकनंदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एक हात सुकाणूवर अडकलेला आणि दुसरा वर जात नव्हता, म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं. निशांतनं खिशातला चिखलानं माखलेला रुमाल काढला, बघितला, परत ठेवला आणि शर्टाच्या बाहीनं आईचा चेहरा पुसला.

"उजवीकडे, आई," तो म्हणाला.

"कळतं मला," अलकनंदाबाई ओरडल्या. "तू आधी त्या दोरीवरून पाय काढ!"